तापाचा रकाना

१९ ऑगस्ट १९५६, रविवार

एकच! दोन मागितली होती, सरकार एकच देणार.

आज इस्पितळाच्या कमिटीत अध्यक्ष रघुनाथरावांनी नागपूरहून आलेला कागद माझ्यापुढे सरकवला. इंग्रजी कागद आला की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात — कॉन्व्हेंटचा तेवढाच उपयोग उरलाय आता. वाचून दाखवलं : सौंसरच्या धर्मादाय इस्पितळाला एक यंत्र मिळेल. एक्सरेचं, नाहीतर रक्त देण्याचं सामान. कोणतं ते कमिटीनं ठरवायचं आणि दसऱ्याच्या आत कारणांसह कळवायचं. घाई अशासाठी की एक नोव्हेंबरला प्रांत मोडतोय. नागपूर मुंबई राज्यात जाणार, आम्ही मध्य प्रदेशात राहणार, आमची दफ्तरं भोपाळला. तिथं आम्हाला ओळखतं कोण?

अरविंद डॉक्टरांना रक्ताचं सामान हवंय. बाटल्या, नळ्या, एकाचं रक्त दुसऱ्याला जुळतं का ते बघायचं औषध, आणि घासलेटवर चालणारी थंड पेटी. बोलताना त्यांचे कान लाल होतात. एकोणतीस वर्षांचा मुलगा, अध्यक्षांसमोर बोलायचं म्हणजे काय! रघुनाथरावांना एक्सरे हवाय. त्यांच्या कापसाच्या जिनिंगच्या इंजिनावरून वीज द्यायला ते तयार आहेत. बाकीचे चौघे दोघं इकडे, दोघं तिकडे.

नेहमीप्रमाणे मला शेवटी विचारतील. पण मनात कधीच ठरलंय.


२१ ऑगस्ट

उषासाठी. दुसरं कशासाठी!

सतरा वर्षं झाली. पांढुर्ण्याला दिली होती, इथून बसनं दीड तास. जानेवारीत पत्र आलं — ताप आला, छातीत उतरला, तीन दिवसांत आटोपलं. आम्ही पोचलो तेव्हा अंगण सारवून झालं होतं. सुधा दीड वर्षाची. माझ्या लुगड्याचा काठ तोंडात घालून चघळत होती. हे बाहेर ओट्यावर बसून राहिले. कोर्टात तासतास बोलणारा माणूस.

सतरा वर्षं मी तिच्या छातीत काय झालं असेल त्याचाच विचार करते. कोणी आत बघितलं असतं तर? नागपूरला शाळेत असताना सिस्टर अ‍ॅग्नेसनी एका पुस्तकात चित्र दाखवलं होतं, एका बाईच्या हाताचं. नुसती हाडं, आणि एका बोटाभोवती अंगठीचं काळं कडं. आम्ही मुली किंचाळलो. सिस्टर म्हणाल्या, भिता काय, देव आपल्याला असंच बघतो.

तसं उषाला कोणी बघितलं नाही.


२ सप्टेंबर

‘कारणांसह’ हे काम माझ्याकडे आलं. ठाण्यातून सौंसर धरून आसपासच्या बारा गावांच्या मृत्यूच्या वह्या आल्यात, दहा वर्षांच्या. गावात कोणी गेलं की कोतवाल नोंद करतो आणि ठाण्यात देतो. मोहगावचा चिंधू कोतवाल स्वतः गठ्ठा डोक्यावर घेऊन आला. म्हणाला, बाई, दहा सालचे मुर्दे हायेत, सांभाळून ठेवजा.

तांबड्या शाईनं रेघा मारल्या. सिस्टर शिकवायच्या तशा, पट्टीखाली टीपकागद धरून, एकही डाग नाही. रकाने : पटकी, देवी, हगवण, साप, अपघात, बाळंतपण, ताप व खोकला, इतर. दर माणसाला एक रेघ, पाचवी आडवी.

चार दुपारी गेल्या. बाळंतपणाच्या रकान्यात अकरा. तापाच्या रकान्यात सहाशे तेरा!

छान दिसतो तक्ता. हे असते तर दाखवला असता.


९ सप्टेंबर, रविवार

ठरलं. एक्सरे.

डॉक्टरांनी तक्ता हातात घेऊन बराच वेळ पाहिला. म्हणाले, ताप म्हणजे एक आजार नव्हे, सहाशे तेरा वेळा छातीच दुखली असं कसं धरता? आणि ह्या अकरावर माझा विश्वास बसत नाही. रघुनाथराव हसून म्हणाले, डॉक्टरसाहेब, विश्वास बसत नसेल तर दुसरा आकडा आणा. बायका इस्पितळात येतच नाहीत बाळंतपणाला, घरी सुईण असते, मग आकडा कुठून येणार?

तीन-तीन झाले. रघुनाथराव माझ्याकडे वळले, आता बाई म्हणतील तसं. मी म्हटलं, एक्सरे.

मग त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. एक्सरेच्या खोलीला उषाचं नाव द्यायचं. सगळ्यांनी मान हलवली. मला रडू आवरेना. पदर तोंडाला लावून बसले. घरी येऊन देवापुढे साखर ठेवली.


१० सप्टेंबर

अर्ज मीच लिहिला. तक्ता जोडला. गेला.


२३ सप्टेंबर, रविवार

रविवारी मी इस्पितळात चादरी शिवायला जाते. आज गेले नसते तर बरं झालं असतं.

अकराच्या सुमाराला मोहगावहून बैलगाडी आली. गाडीत तणस, तणसावर एक मुलगी. तेवीस-चोवीसची असेल. गाडीच्या फळ्यांमधून खाली ठिबकत होतं. डॉक्टर धावले. दाराशी नवरा दंडावरची बाही वर करून उभा — माझं घ्या म्हणतो, जेवढं लागन तेवढं घ्या. कुठून तरी ऐकलं असेल त्यानं. डॉक्टरांनी त्याच्या दंडाकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. घेणार कशात? जुळतं की नाही बघणार कशानं? 

बारा वाजून गेल्यावर ती गेली. मूल पोटातच होतं.

चिंधू गाडीबरोबरच आला होता. तिथंच पायरीवर बसून त्यानं वही काढली. मी चादर घेऊन मागे उभी होते. त्यानं नाव लिहिलं, वय लिहिलं, आणि कारणाच्या जागी लिहिलं — ताप.

मी विचारलं, चिंधू, हे काय लिहिलंस?

तो उठून उभा राहिला. म्हणाला, “मी कायले लिवतो बाई, घरचे सांगतेत थे लिवतो. तिच्या सासऱ्यानं सांगितलं ताप.”

पण तू तर बघितलंस!

“पोराचं दुसरं लगन कराचं हाये नं बाई. पोटुशी मेली म्हटलं त त्या घरात पोट्टी कोन देईन? म्हनतेत, थे मांगंच राह्यते. दुसरीले जगू देत नाही. तिच्या लेकरायलेबी कोनी सोयरीक देत नाही मंग. ताप लिवला का कोनाचं काही जात नाही.”

डॉक्टर आतल्या मोरीवर हात धूत होते. ऐकलं त्यांनी. माझ्याकडे बघितलंही नाही.


२४ सप्टेंबर

एखाद्या घरी असं होत असेल. सगळ्यांकडे कसं होईल?


२८ सप्टेंबर, अविधवा नवमी

आज वच्छलाला सात घरची बोलावणी.

वच्छला माझ्याकडे स्वैपाकाला आहे, बारा वर्षं झाली. नवरा आहे, मुलं आहेत, म्हणून आजच्या दिवशी तिला फार मागणी. नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावानं आज सवाष्ण जेवू घालतात. मला कोण बोलावणार! सकाळी चुलीपाशी कुरकुरत होती : “सात घरचं बोलावनं हाये बाई. एका पोटानं सात जनीले कशी पुरू मी? तिसऱ्या घरी पुरनपोळी पायली का मीच पळत सुटन.”

मी हसले. आणि मग हसू थांबलं. सात! एका गल्लीतल्या, एका वच्छलेला माहीत असलेल्या. सातही तरण्या.

तिला खाली बसवलं. म्हटलं, एकेकीचं सांग. कशानं गेली?

ती म्हणाली, बाई, तुमाले मालूम नाही? मग बोटं मोडत सांगितलं. शिंप्याची सून — बाळंतपण, तिसऱ्या दिवशी. कोष्ट्याकडची — पोटात मूल आडवं. कासाराची — पडलं, आणि मग थांबलंच नाही. असं करत सातातल्या पाच. एकीला साप. एकीला खरोखरच ताप.

गठ्ठा परत करायचा राहिला होता. काढला. सातपैकी सहा नावं सापडली. साप म्हणजे साप लिहिलाय. बाकी पाच — ताप, ताप, ताप, ताप, ताप.

माझ्याच तांबड्या रेघांमध्ये आहेत त्या. मीच मोजल्या. पाचवी रेघ आडवी, सुबक.


३० सप्टेंबर

मोजायचं. पुन्हा मोजायचं. ह्याशिवाय मला काही सुचत नाही.

वहीतून पंधरा ते चाळीस वर्षांच्या, तापानं गेलेल्या बायकांची नावं वेगळी काढली. सत्त्याण्णव. घरोघर जाऊन विचारणार. पुरुषांना नाही, चुलीपाशी. वच्छला म्हणते, मी येतो संगं, तुमचं शहरी बोलनं ऐकून त्या घाबरतीन.


६ ऑक्टोबर

बोरगाव झालं. जामसांवली झालं. तिथं शनिवार म्हणून मारुतीला केवढी गर्दी, आणि मी देवळामागच्या घरांत मेलेल्या बायका विचारत फिरतेय!

सुरुवातीला सगळ्या एकच सांगतात, ताप. मग वच्छला आपल्याच धाकट्या जावेची गोष्ट काढते. कशी गेली, किती कपडे भिजले. मग समोरची बाई दाराकडे बघते, आवाज खाली करते, आणि सांगते. सांगून झाल्यावर जी ती माझा हात धरते — नाव कोठी सांगजा नोका बाई. पोराचं दुसरं घर मोडन. नातीचं जमायचं हाये.

मी प्रत्येकीला शब्द दिलाय. जितकी घरं तितके शब्द.


८ ऑक्टोबर

बावन्न घरं गाठता आली. बावन्नपैकी अडतीस.

अडतीस! आणि मी अकरा लिहिले, बारा गावांचे, दहा वर्षांचे. सरकारला पाठवले. इंग्रजीत.


११ ऑक्टोबर, पांढुर्णा

सुधाला बघायला आले. स्थळ चालू आहे. मुलगा काटोलचा, पोस्टात आहे, माणसं चांगली. मुलाचे मामा म्हणजे रघुनाथरावांचे मावसभाऊ, त्यांनीच जमवून आणलंय. तिच्या सावत्र आईनं सगळं नीट केलंय, तिला नावं ठेवायला जागा नाही. सुधा आता थेट उषासारखी दिसते, कपाळ सोडून. कपाळ त्यांच्या घरचं.

दुपारी तिथल्या जयवंता सुईणीकडे गेले, मागच्या वस्तीत. मोजलेल्यांपैकी वाटेवरच्या गावांतल्या तिघींकडे तीच गेली होती असं कळलं होतं, खात्री करायची होती म्हणून. म्हातारी झालीय, डोळ्याला कमी दिसतं, पण मला ओळखलं. खाटेवर बसवलं. तीनही नावं विचारली, तिनं सांगितलं. मी लिहून घेतलं आणि निघाले.

तशी ती म्हणाली, “आनि तुमाले काय सांगू बाई. तुमच्या उषाले त मीच धरून बसली होती.”

मी परत बसले.

“चवथा सरत आला होता. सकाळी लागलं, थांबेच नाही. पाट भिजला, पाटाखालची माती भिजली. थे म्हने, आईले बलवा. घरचे म्हनत, उद्या बलवू. दिवे लागाच्या आंधी झालं सारं. मले सोगन घातली होती त्याईनं. पन तुमी त आई हाव, तुमाले सांगितलंच असन, म्हनून बोलली.”

मी म्हटलं, हो. सांगितलं होतं.


१२ ऑक्टोबर

लिहवत नाही.


१३ ऑक्टोबर

तीन दिवसांचा ताप नव्हता. एक दिवस होता. दीड तासावर मी होते.

तिनं मला कळवलं का नाही, हे रात्रंदिवस डोक्यात फिरतं. पण कसं कळवणार! चौथा सरल्याशिवाय कोणाला सांगायचं नाही, पत्रातही लिहायचं नाही, दृष्ट लागते — हे मीच तिला शिकवलं होतं. सुधाच्या वेळी तिनं पाचव्यात कळवलं. मी शहाणी म्हटलं होतं तिला.

सतरा वर्षं मी तिच्या छातीचा विचार करत राहिले.


१६ ऑक्टोबर

काटोलचा होकार आला. साखरपुडा कार्तिकात.

सुधाच्या वडलांचं पत्र. खाली सुधाच्या हाताच्या दोन ओळी, लाजून लिहिलेल्या.


२१ ऑक्टोबर, रविवार

आज कमिटी बोलवायला लावली मी. नवा तक्ता घेऊन गेले. रेघा वाकड्या आल्यात, तशाच नेल्या.

सगळं सांगितलं. वहीत ताप का लिहितात. बावन्नपैकी अडतीस. अर्ज अजून नागपुरातच आहे, एकतीस तारखेपर्यंत बदलता येईल, पत्र मी लिहून आणलंय, फक्त सही हवी.

कोणी हसलं नाही. हसले असते तर भांडता आलं असतं. हेडमास्तर म्हणाले, पहिला तक्ता सरकारी वहीतला होता, हा कुठला? चुलीपाशी ऐकलेला. दुसरे म्हणाले, बाई, तुम्हीच पहिला आणलात, तुम्हीच दुसरा आणता, सरकार काय म्हणेल. डॉक्टर उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

शेवटी रघुनाथराव शांतपणे म्हणाले, “बाई, मी हटवादी नाही. एक नाव सांगा. एकच घर, जे उद्या कोणी विचारलं तर हो म्हणेल. उद्याच्या गाडीनं मी स्वतः नागपूरला जातो.”

अडतीस घरांना मी शब्द दिला होता. एका घराला दिला नव्हता. ते माझंच होतं.

नाव जिभेवर आलं. खरंच आलं. समोर रघुनाथराव, मुलाच्या मामांचे मावसभाऊ. त्यांना ते लपवता येणार नाही, लपवणारा माणूसच नाही तो. महिन्याभरावर साखरपुडा. पोटुशी गेलेल्या बाईची मुलगी.

मी म्हटलं, “नाही. नाव नाही.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, मग राहू द्या.


२२ ऑक्टोबर

सिस्टर अ‍ॅग्नेस गप्प राहण्याचं फार कौतुक करायच्या. गप्प राहणाऱ्या मुलीला निळी फीत मिळायची. माझ्याकडे सहा होत्या.


२६ ऑक्टोबर

डॉक्टर निरोप घ्यायला आले. सरकारी नोकरांना विचारलंय ना, कोणत्या राज्यात राहता म्हणून. त्यांनी नागपूर मागून घेतलं. घर तिकडेच आहे, आई तिकडे. मी म्हटलं, बरोबर आहे.

वच्छलानं चहा आणला. ते कप हातात धरून बसले. मग म्हणाले, काकू, त्या दिवशी तुमच्या तोंडात एक नाव आलं होतं. मला दिसलं.

मी म्हटलं, चहात साखर कमी आहे का?

ते म्हणाले, नाही, ठीक आहे. सगळा प्यायले. वाकून नमस्कार केला मला. नसता केला तर!


१ नोव्हेंबर, गुरुवार

तहसिलीवर झेंडा, मुलांना पेढे. नवं राज्य. मी लहानाची मोठी झाले ते नागपूर आजपासून दुसऱ्या राज्यात. छोट्या गाडीचं तिकीट तेवढंच, रूळ तेच. वच्छला विचारते, बाई, मंग आता आपन कोन? मी म्हटलं, तेच गं. तिला पटलं नाही.

अर्ज भोपाळच्या गाडीत बसला असेल. मंजूर होऊन.


१८ नोव्हेंबर

साखरपुडा झाला. सुधाला मोतिया रंगाचं लुगडं. मी मागे बसले, विधवेनं बसायचं तिथं. रघुनाथरावांनी मला मुद्दाम पुढे बोलावलं. चांगला माणूस आहे. वाईट असता तर बरं झालं असतं.


२३ डिसेंबर

यंत्र आलं. चार खोकी, रेल्वेतून, बैलगाडीवर गावातून मिरवत. खोलीवर दगड बसला, उषाचं नाव कोरलेला. अक्षर चांगलं आलंय म्हणतात. मी मान खाली घालून आत गेले.


२० जानेवारी १९५७

खरं ते लिहिलं पाहिजे. यंत्र चांगलं आहे.

चालवायला सरकारी माणूस आलाय. पहिला फोटो रघुनाथरावांचाच काढला. बरगड्या, मध्ये हृदयाची सावली. बाजारात कोणी तरी म्हणालं, जिनवाल्या शेटले काळीज हाये, याचा पुरावा भेटला. त्यांनाच सांगितलं कोणी, तर तेही हसले. धडधाकट माणसं नुसतं आतलं बघायला रांग लावतात. पण खरे आजारीही सापडले. एका मास्तरांच्या छातीत डाग निघाला, वेळेवर निघाला, औषध सुरू झालं. त्यांची बायको माझ्या पाया पडली. बाई, तुमी हे यंत्र आनलं.

डॉक्टरांची जागा रिकामीच आहे. छिंदवाड्याहून एक जण मंगळवारी येतात. एरवी कंपाउंडर बघतो.


२७ जानेवारी

चिंधू वाटेत भेटला. दोन महिन्यांत मोहगावच्या तिघी. त्यानं सांगितलं नाही कशानं, मी विचारलं नाही. वही काखेत होती.


१० फेब्रुवारी

सुधाचं लग्न झालं. निघताना माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, आजी, आईसाठी तू काय केलंस ते सगळं ऐकलंय मी. खोलीवर तिचं नाव आहे ना, मी येऊन बघणार आहे.


४ मे

काही लिहिण्यासारखं नाही. संत्र्याच्या बागा वाळताहेत. रविवारी चादरी.


१६ जून

वच्छलाची थोरली मुलगी आली बाळंतपणाला. घरीच झाली, सुखरूप. वच्छला पेढा घेऊन आली, मी तिला धरून इतकी रडले की ती घाबरली. बाई, पोट्टीच झाली नं, त्याले काय एवढं!


२३ जुलै १९५७

काटोलहून सुधाचं पत्र. चौथा लागायचा आहे, तरी तुला सांगते, रागावू नको. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणतात, पण मी तुझ्याकडेच येणार, सौंसरला. इथं सगळ्यांना सांगितलंय, तुझ्या गावच्या इस्पितळात मोठं मशीन आहे, आईच्या नावाचं. मला काही होणार नाही.

तिथं पत्र आधी सासरे फोडतात, मग तिला देतात. ठाऊक आहे मला. तरी उत्तर लिहिलं, स्वच्छ, एकही शब्द न खोडता. आत्ताच टाकून आले.

सुधा, इथं येऊ नकोस. नागपूरला जा, जिथं रक्त देतात तिथं. तुझी आई तापानं गेली नाही.